खोल समुद्रातील कवचधारी प्राण्यांच्या जननपेशींतील गुणसूत्रे

खोल समुद्रातील कवचधारी प्राण्यांच्या जननपेशींतील गुणसूत्रे हा पेशीविज्ञान आणि सागरी जीवशास्त्र यांना जोडणारा अभ्यासविषय आहे. समुद्रसपाटीपासून २०० मीटरपेक्षा अधिक खोलीवर राहणारे खेकडे, कोळंबी, शेवंड, क्रिल, अँफिपोड, आयसोपोड व कोपेपोड यांच्या शुक्रपेशी आणि अंडपेशी कशा तयार होतात, त्यांत किती गुणसूत्रे असतात, त्या गुणसूत्रांत किती डीएनए सामावलेले असते आणि प्रचंड दाबाखाली त्यांची वाटणी कशी होते, या प्रश्नांचा त्यात विचार केला जातो. गुणसूत्रांची संख्या व आकार प्रामुख्याने प्राण्याच्या वंशपरंपरेवर अवलंबून असतात. केवळ खोलीवरून त्यांचा अंदाज बांधता येत नाही, असे उपलब्ध माहितीवरून दिसते. खोलीचा परिणाम संख्येपेक्षा गुणसूत्रांची वाटणी करणाऱ्या यंत्रणेवर अधिक जाणवतो.

पार्श्वभूमी

कवचधारी प्राणी हा संधिपाद प्राण्यांचा एक मोठा गट आहे. खेकडे, कोळंबी व शेवंड यांचा समावेश दशपाद गणात होतो. क्रिल हे कोळंबीसारखे दिसणारे, थव्याने राहणारे प्राणी आहेत. अँफिपोडांचे शरीर दोन्ही बाजूंनी चपटे असते, तर आयसोपोडांचे वरून खाली चपटे असते. कोपेपोड हे बहुधा काही मिलिमीटर लांबीचे प्लवक होत. या सर्व गटांचे प्रतिनिधी उथळ पाण्यात आणि खोल समुद्रातही आढळतात. हिरोंडेलिया जायगास हा अँफिपोड पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटर खोलीवर राहतो.

समुद्रात दर १० मीटर खोलीमागे दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. त्यामुळे १,००० मीटरवर दाब साधारण १०० वातावरणे, तर मारियाना गर्तेच्या तळाशी १,००० वातावरणांहून अधिक असतो. बहुतेक ठिकाणी खोल पाण्याचे तापमान १ ते ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. या परिस्थितीत जगणाऱ्या प्राण्याला अन्न मिळवणे व श्वसन करणे यांबरोबरच आपल्या जननपेशींत गुणसूत्रांची अचूक वाटणीही करावी लागते. ही वाटणी चुकल्यास युग्मकांत गुणसूत्रे कमी किंवा जास्त होतात आणि अशा युग्मकांपासून बहुधा संतती टिकत नाही.

युग्मकनिर्मिती आणि अर्धसूत्री विभाजन

देहपेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. एक मातेकडून व एक पित्याकडून आलेला. या अवस्थेला द्विगुणित अवस्था म्हणतात. वृषणात व अंडाशयात होणाऱ्या अर्धसूत्री विभाजनामुळे युग्मकांत एकच संच उरतो. तिला एकगुणित अवस्था म्हणतात. निषेचनानंतर दोन एकगुणित संच एकत्र येऊन मूळ संख्या पुन्हा प्रस्थापित होते.

पहिल्या अर्धसूत्री विभाजनात समजात गुणसूत्रे जोडीने एकत्र येतात व त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होते. या अवस्थेतील जोड्या मोजल्या की एकगुणित संख्या थेट मिळते. म्हणूनच कवचधारी प्राण्यांच्या गुणसूत्रांविषयीची बरीच जुनी माहिती वृषणातील पेशींवरून मिळालेली आहे. वृषणात विभाजनाच्या वेगवेगळ्या अवस्थांतील पेशी एकाच वेळी मोठ्या संख्येने आढळतात.

अंडपेशींत हे विभाजन सलग पूर्ण होत नाही. अनेक दशपाद प्राण्यांत अंडपेशी पहिल्या विभाजनाच्या मध्यावस्थेत थांबून राहते आणि अंडे बाहेर पडल्यावर, निषेचनाच्या सुमारास, पुढील विभाजन होते. या थांब्याच्या काळात गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी एका रेषेत धरून ठेवलेली असतात. खोल समुद्रातील मादीच्या बाबतीत हा काळ उच्च दाबाखालीच जातो.

गुणसूत्रांची संख्या

कवचधारी प्राण्यांतील गुणसूत्रांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या संशोधकांमध्ये जपानी पेशीवैज्ञानिक हिदेओ नियामा यांचे नाव महत्त्वाचे आहे. दशपाद, आयसोपोड व अँफिपोड यांच्या गुणसूत्रांचा त्यांचा विस्तृत तौलनिक अभ्यास १९५९ मध्ये होक्काइदो विद्यापीठाच्या मत्स्यविज्ञान विद्याशाखेने प्रसिद्ध केला. त्यानंतर जमलेल्या माहितीवरून पुढील आकडे उदाहरणादाखल देता येतात. त्यांत तुलनेसाठी उथळ व गोड्या पाण्यातील जातीही घेतल्या आहेत.

• अंटार्क्टिक क्रिल (यूफॉसिया सुपर्बा): द्विगुणित संख्या ३४
• कॅलॅनस फिनमार्किकस (उत्तर अटलांटिकमधील कोपेपोड): ३४
• गॅमॅरस व त्याच्या जवळच्या अनेक अँफिपोड जाती: ५२
• वनामी कोळंबी: ८८
• कामचात्का राजखेकडा (पॅरालिथोडिस कॅमचॅटिकस): २०८
• पॅग्युरस ओकोटेन्सिस (शंखात राहणारा खेकडा): २५४
• पॅसिफॅस्टॅकस ट्रोब्रिजी (गोड्या पाण्यातील क्रेफिश): ३७६

या आकड्यांवरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली म्हणजे दशपाद प्राण्यांत गुणसूत्रे पुष्कळ आणि लहान असतात. माणसाच्या देहपेशीत ४६ गुणसूत्रे असतात. सूचीतील क्रेफिशमध्ये त्यांची संख्या त्याच्या आठ पटींहून अधिक आहे. दुसरी गोष्ट अशी की सर्वाधिक संख्या असलेली क्रेफिशची जात गोड्या व उथळ पाण्यातील आहे, तर हजारो मीटर खोल जाऊ शकणाऱ्या क्रिलमध्ये केवळ ३४ गुणसूत्रे आहेत. क्रिल व कॅलॅनस यांची संख्या सारखी असली तरी ते दूरच्या गटांतील प्राणी आहेत. त्यांच्या संख्येतील साम्य जवळच्या नात्याचा पुरावा ठरत नाही.

अधिसंख्य गुणसूत्रे

काही जातींत गुणसूत्रांची संख्या एकाच प्राण्याच्या वेगवेगळ्या पेशींतही बदलते. याचे एक कारण म्हणजे अधिसंख्य किंवा बी गुणसूत्रे. ही नेहमीच्या संचाखेरीज असणारी जास्तीची गुणसूत्रे असून प्राण्याच्या जगण्यासाठी ती आवश्यक नसतात. अर्धसूत्री विभाजनात त्यांना बहुधा समजात जोडीदार नसतो. त्यामुळे ती कधी एका युग्मकात जातात, कधी दुसऱ्या, आणि काही वेळा नष्ट होतात.

नॉर्वे शेवंड (नेफ्रॉप्स नॉर्वेजिकस) ही जात ईशान्य अटलांटिक व भूमध्य समुद्रात सुमारे ८०० मीटर खोलीपर्यंत आढळते. तिच्यातील अधिसंख्य गुणसूत्रांचे वर्णन इटालियन संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. अशा जातीबाबत गुणसूत्रांचा एकच नेमका आकडा सांगणे योग्य ठरत नाही. जुन्या नोंदींत एकाच जातीसाठी वेगवेगळ्या संख्या आढळतात, त्यामागे मोजणीतील चुकांप्रमाणेच हा खरा जैविक बदलही असू शकतो. मोठ्या संख्येने असलेली सूक्ष्म गुणसूत्रे काचपट्टीवर एकमेकांवर चढतात किंवा पेशीबाहेर सांडतात. म्हणून अनेक पेशी मोजून त्यांतील वारंवार येणारी संख्या स्वीकारली जाते.

गुणसूत्रांचा आकार आणि जीनोमचा विस्तार

एका युग्मकातील, म्हणजे गुणसूत्रांच्या एका संचातील, डीएनएच्या प्रमाणाला सी-मूल्य म्हणतात. ते पिकोग्रॅममध्ये किंवा आधारकजोड्यांच्या संख्येत सांगतात. एक पिकोग्रॅम डीएनएमध्ये सुमारे ९८ कोटी आधारकजोड्या असतात. मानवी युग्मकात सुमारे ३.१ अब्ज आधारकजोड्या असतात.

अंटार्क्टिक क्रिलचा जीनोम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा विस्तार सुमारे ४८ अब्ज आधारकजोड्या, म्हणजे मानवी जीनोमच्या पंधरा पटींहून अधिक आहे. हा सर्व डीएनए केवळ १७ गुणसूत्रांत विभागलेला असल्याने क्रिलच्या एका गुणसूत्रात सरासरी २.८ अब्ज आधारकजोड्या येतात. मानवाच्या संपूर्ण एकगुणित संचाएवढा डीएनए क्रिलच्या जवळजवळ एका गुणसूत्रात सामावतो. याउलट भारतात मत्स्यशेतीत वाढवल्या जाणाऱ्या वनामी कोळंबीचा जीनोम सुमारे अडीच अब्ज आधारकजोड्यांचा असून तो ४४ गुणसूत्रांत वाटलेला आहे. तिच्या एका गुणसूत्रात सरासरी सहा कोटींपेक्षा कमी आधारकजोड्या येतात. गुणसूत्रांची संख्या आणि डीएनएचे प्रमाण या दोन स्वतंत्र गोष्टी असल्याचे या तुलनेवरून स्पष्ट होते. क्रिलच्या जीनोमचा ९० टक्क्यांहून अधिक भाग पुनरावृत्त अनुक्रमांनी व्यापलेला आहे.

खोल समुद्रातील परिस्थितीमुळे जीनोम मोठे होतात, असे गृहीतक मांडले गेले होते. ते तपासण्यासाठी हीथर रिची, अ‍ॅलन जेमिसन व स्टुअर्ट पिअर्टनी यांनी मारियाना, कर्मॅडेक आणि न्यू हेब्रिडीज या गर्तांमधील १३ अँफिपोड जातींच्या जीनोमचा विस्तार मोजून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांत कमी मूल्य पॅरालिसेला कॅपेरेस्का या जातीत ४.०६ पिकोग्रॅम, तर सर्वांत जास्त मूल्य अ‍ॅलिसेला जायगँशिया या महाकाय जातीत ३४.७९ पिकोग्रॅम आढळले. खोल समुद्रातील या जातींत मिळून जवळपास नऊ पटींचा फरक आहे. जीनोमचा विस्तार आणि शरीराचा कमाल आकार यांत संबंध दिसला, परंतु तो मुख्यतः महाकाय जातींमुळे होता.

महाकायतेचे कारणही केवळ जीनोमच्या विस्तारात शोधता येत नाही. अ‍ॅलिसेला जायगँशियाची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटरपर्यंत नोंदली गेली आहे. बॅथिनोमस जेम्सी हाही खोल समुद्रातील महाकाय आयसोपोड आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा जीनोम सुमारे ५.९ अब्ज आधारकजोड्यांचा आहे. अंटार्क्टिक क्रिलची लांबी जेमतेम ६ सेंटिमीटर असूनही त्याचा जीनोम बॅथिनोमसच्या आठपट आहे.

सैबेरियातील बैकाल सरोवराचे उदाहरण याच संदर्भात उपयुक्त ठरते. १,६४२ मीटर खोल असलेल्या या गोड्या पाण्याच्या सरोवरात अँफिपोडांच्या शेकडो जाती उत्क्रांत झाल्या आहेत. अभ्यासलेल्या बहुतेक जातींत गुणसूत्रांची द्विगुणित संख्या ५२ अशी स्थिर आहे, मात्र जीनोमचा विस्तार सुमारे २ पिकोग्रॅमपासून १६ पिकोग्रॅमपर्यंत बदलतो. म्हणजे संख्या न बदलता गुणसूत्रांतील डीएनए वाढू किंवा घटू शकते.

दाब, थंडी आणि तर्कू

विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना पेशीच्या दोन टोकांकडे ओढून नेणाऱ्या रचनेला तर्कू म्हणतात. तो ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिकांचा बनलेला असतो. ट्युब्युलिनचे घटक एकमेकांना जोडले जाताना एकूण आकारमान किंचित वाढते. दाब वाढला की कमी जागा व्यापणाऱ्या स्थितीला अनुकूलता मिळते, त्यामुळे सूक्ष्मनलिका विघटित होऊ लागतात. थंडीचाही परिणाम त्याच दिशेने होतो.

डॅनियल पीझ यांनी १९४१ मध्ये एका सागरी कृमीच्या अंड्यांतील तर्कू व गुणसूत्रांच्या हालचालींवर होणारा दाबाचा परिणाम नोंदवला. पुढे त्यांनी ट्रॅडेस्कँशिया या वनस्पतीच्या परागजनक पेशींतील अर्धसूत्री विभाजनावरही असेच प्रयोग केले. एडवर्ड सॅमन यांनी १९७५ मध्ये कीटोप्टेरस या सागरी वलयी प्राण्याच्या अंडपेशींवर प्रयोग करून दाखवले की, दाब वाढवल्यावर अर्धसूत्री विभाजनातील तर्कूच्या सूक्ष्मनलिका विघटित होतात आणि दाब काढल्यावर त्या पुन्हा तयार होतात. हे प्रयोग पृष्ठभागाजवळच्या दाबाला सरावलेल्या सजीवांवरील होते. ज्या दाबाने त्यांचे विभाजन थांबते, त्याहून अधिक दाबाखाली गर्तांमधील अँफिपोड पिढ्यानपिढ्या प्रजनन करतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्मनलिका टिकवून धरणारी अनुकूलने असली पाहिजेत, हे यावरून उघड होते.

अशा अनुकूलनांपैकी एक म्हणजे प्रथिनांना स्थैर्य देणारे लहान रेणू. रॉबर्ट केली व पॉल यान्सी यांनी १९९९ मध्ये दाखवले की, खोल समुद्रातील मासे आणि दशपाद कवचधारी यांच्या ऊतींत ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड या संयुगाचे प्रमाण खोलीबरोबर वाढते. हे संयुग दाबामुळे प्रथिनांच्या रचनेत होणारा बिघाड कमी करते. परीक्षानळीतील प्रयोगांत ते टाऊ या प्रथिनाच्या साहाय्याने होणाऱ्या सूक्ष्मनलिकांच्या निर्मितीला चालना देते, असेही आढळले आहे. दुसरी शक्यता खुद्द ट्युब्युलिनच्या रचनेतील बदलांची आहे. अंटार्क्टिकातील माशांचे ट्युब्युलिन शून्य अंशाजवळच्या तापमानातही सूक्ष्मनलिका बनवू शकते.

अंटार्क्टिक क्रिलच्या जीवनचक्रात दाबातील बदल विशेष ठळकपणे दिसतो. मादी पृष्ठभागाजवळ अंडी सोडते आणि ती बुडू लागतात. शुक्रपेशी व अंडपेशी यांच्या प्रत्येकी १७ गुणसूत्रांपासून बनलेल्या ३४ गुणसूत्रांच्या संचाची सुरुवातीची विभाजने अंडे खाली जात असताना, सतत वाढणाऱ्या दाबाखाली होतात. अंडी सुमारे ७०० ते १,००० मीटर खोलीवर फुटतात व त्यातून निघालेले डिंभ पुन्हा वर येऊ लागतात. कॅलॅनस हायपरबोरियस या आर्क्टिक कोपेपोडात हा क्रम उलटा आहे. त्याची मादी साठवलेल्या चरबीच्या जोरावर हिवाळ्यात खोल पाण्यातच अंडी घालते आणि ती चरबीयुक्त अंडी वर तरंगत येतात.

शुक्रपेशीतील क्रोमॅटिन

डीएनए व त्याच्याशी निगडित प्रथिने यांच्या मिश्रणाला क्रोमॅटिन म्हणतात. अनेक प्राण्यांच्या शुक्रपेशींत हिस्टोन प्रथिनांची जागा प्रोटामीन घेतात आणि क्रोमॅटिन अत्यंत घट्ट आवळले जाते. दशपाद कवचधारी याला अपवाद आहेत. त्यांच्या शुक्रपेशींना शेपूट नसते, त्या पोहू शकत नाहीत आणि त्यांतील क्रोमॅटिन सैल, तंतुमय अवस्थेत राहते. खेकड्यांमध्ये अ‍ॅक्रोसोम हा अंड्यात शिरण्यास मदत करणारा भाग मोठा व गोलसर असतो. केंद्रक पेल्यासारखे त्याला वेढून असते आणि त्यातून भुजांसारखे फाटे निघतात. या शुक्रपेशींत हिस्टोन नसतात, असे दीर्घकाळ मानले जात होते. एकविसाव्या शतकातील अभ्यासांत काही खेकड्यांच्या शुक्रपेशींत हिस्टोन आढळले आहेत.

समुद्रतळावरील उष्ण जलझोतांजवळ बायथोग्रेइडी कुलातील खेकडे राहतात. बायथोग्रेया, ऑस्टिनोग्रेया व सेगोन्झाकिया या प्रजातींतील खेकड्यांच्या शुक्रपेशींची सूक्ष्मरचना क्रिस्टोफर टज व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वर्णन केली. शुक्रपेशींची रचना खेकड्यांच्या कुलांमधील नाते ठरवण्यासाठी उपयोगी पडते, त्यामुळे अशा वर्णनांना वर्गीकरणात महत्त्व आहे.

जननपेशी व देहपेशी यांतील भेद

बहुतेक प्राण्यांत देहपेशींवरून जननपेशींतील गुणसूत्रांचा अंदाज घेता येतो. काही कोपेपोडांत मात्र तसे करणे दिशाभूल करणारे ठरते. सायक्लॉप्स प्रजातीतील काही जातींत भ्रूणविकासाच्या आरंभी देहपेशी बनवणाऱ्या पेशींतून गुणसूत्रांचे मोठे भाग काढून टाकले जातात. जननपेशींच्या वंशात मात्र संपूर्ण डीएनए राखले जाते. या प्रक्रियेला क्रोमॅटिन-ऱ्हास म्हणतात. तिचे सविस्तर वर्णन जर्मन संशोधिका एस. बेअरमान यांनी १९७७ मध्ये केले. सायक्लॉप्स कोलेन्सिस या जातीत देहपेशींतून सुमारे ९४ टक्के डीएनए वगळले जाते. या जाती गोड्या पाण्यातील असल्या तरी त्यांच्यापासून मिळणारा धडा समुद्री कोपेपोडांनाही लागू पडतो. पायाच्या स्नायूचे मोजमाप म्हणजे युग्मकाचे मोजमाप, असे तपासल्याशिवाय धरता येत नाही.

अभ्यासपद्धती आणि अडचणी

पारंपरिक पद्धतीत जिवंत प्राण्याला कॉल्चिसिन टोचतात. हे द्रव्य तर्कू बनू देत नाही, त्यामुळे पेशी विभाजनाच्या मध्यावस्थेत थांबतात. नंतर वृषणाचा तुकडा विरल क्षारद्रावणात ठेवून पेशी फुगवतात, मिथेनॉल व अ‍ॅसिटिक आम्लाच्या मिश्रणात स्थिर करतात, काचपट्टीवर पसरवतात आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजतात.

या पद्धतीला विभाजन पावणाऱ्या जिवंत पेशी लागतात आणि खोल समुद्राच्या बाबतीत मुख्य अडचण तीच आहे. सापळ्यातून वर आणलेल्या प्राण्यावरील दाब काही तासांत शेकडो वातावरणांनी घटतो व उष्ण पृष्ठजलातून त्याला जावे लागते. गर्तांमधील अँफिपोड वर पोहोचेपर्यंत बहुधा मेलेले किंवा मरणासन्न असतात. त्यांच्या ऊतींतून डीएनए मिळते, पण विभाजनाच्या योग्य अवस्थेतील गुणसूत्रे मिळणे कठीण असते. त्यामुळे खोल समुद्रातील जातींबाबत जीनोमच्या विस्ताराचे आकडे गुणसूत्रसंख्येपेक्षा अधिक सहज उपलब्ध होतात. प्रवाही पेशीमापन पद्धतीने ते गोठवलेल्या ऊतींवरूनही काढता येतात.

अलीकडे हाय-सी या तंत्रामुळे या अडचणीवर काही अंशी मात करता आली आहे. केंद्रकात डीएनएचे कोणते भाग एकमेकांच्या निकट असतात, याची नोंद या तंत्राने घेतात आणि त्यावरून जीनोमचे तुकडे गुणसूत्रांनुसार जुळवतात. या पद्धतीने मिळालेली गुणसूत्रसंख्या हे अनुमान असते. शक्य तेथे ती सूक्ष्मदर्शकाखालील मोजणीशी पडताळून पाहणे इष्ट ठरते.

महत्त्व

जननपेशींतील गुणसूत्रांच्या अभ्यासाचा उपयोग बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या ओळखण्यासाठी, गटांमधील उत्क्रांतीचे नाते समजण्यासाठी आणि नॉर्वे शेवंड किंवा अंटार्क्टिक क्रिल यांसारख्या व्यापारी दृष्ट्या पकडल्या जाणाऱ्या जातींच्या अभ्यासासाठी होतो. शिवाय प्रत्येक प्रजननक्षम प्राण्यात घडणारी गुणसूत्रांची वाटणी दाब व तापमानाच्या कोणत्या मर्यादेपर्यंत अचूक राहू शकते, हा मूलभूत प्रश्नही त्यात आहे. मारियाना गर्तेच्या तळाशी अँफिपोडांची प्रजा टिकून आहे, यावरून ही मर्यादा उथळ पाण्यातील अंड्यांवरच्या प्रयोगांत दिसलेल्या मर्यादेपेक्षा बरीच पुढे सरकू शकते, हे सिद्ध होते.